वायरची भिशी

विषय ऐकून हसू नका, विषय आहे घरातली वायरिंग. धाकट्या जाऊबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "ताई, आता वायरींवर लिहिणार? शाळेत तर तुम्ही मराठी आणि इतिहास शिकवायचात ना?" हो बाई, शिकवायचे. पण विज्ञानाच्या सरांची रजा असली की सातवीचा विजेचा धडा माझ्याच गळ्यात पडायचा, त्यामुळे अगदीच अडाणी नाही!

तर मुद्दा असा. आपल्यासारख्या पेन्शनवर चालणाऱ्या घरात प्रत्येक खर्चाचा एक डबा असतो. औषधांचा वेगळा, दिवाळीचा वेगळा, नातवंडांच्या हातावर ठेवायचा वेगळा. मोठ्या आजारपणासाठी मेडिक्लेम असतो. पण भिंतीच्या आतली वायर जळाली तर? त्याचा डबा कुणाकडेच नसतो. कारण ती दिसत नाही. गळका नळ रोज टपटप करून आठवण तरी देतो. वायर बिचारी तीस-चाळीस वर्षं गप्प असते आणि एक दिवस जळका वास येतो.

आमचं सारसोळे म्हणजे खाडीच्या कुशीतलं गाव. आता नेरूळचं सेक्टर सहा म्हणतात, पण कोळीवाडा आहे, जेट्टी आहे, पाम बीच रस्त्यापलीकडे तिवरांचं जंगल आहे. संध्याकाळी वारं सुटलं की जिवाला बरं वाटतं. स्विचबोर्डाला मात्र ते वारं मुळीच मानवत नाही. खारी, दमट हवा पितळेच्या स्क्रूंवर हिरवट थर चढवते, लोखंडाला गंज आणते. स्क्रू सैल झाला की सांध्यात वायर नीट टेकत नाही, नीट टेकत नाही म्हणून तापते, तापते म्हणून आणखी सैल होते. भडका एका दिवसात उडाला असं आपल्याला वाटतं, पण आतली तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते.

आमच्या इमारतीत हे २०२३ च्या जुलैमध्ये घडलं. रात्रीचे अकरा वाजले होते, पाऊस धो धो. ह्यांचं दम्याचं वाफेचं यंत्र चालू होतं. एकाएकी दिवे डोळे दिपतील इतके लखलखले, पंखा विमानासारखा फिरायला लागला आणि मग फट्ट! समोरच्या घरात त्याच वेळी दिवे मंद होऊन लुकलुकत होते. हे उठले आणि त्यांनी आधी मेन स्विच पाडला. (पंप घेऊन त्यांची रात्र पार पडली, काळजी नको.)

दुसऱ्या दिवशी वायरमनने सांगितलं, न्यूट्रल सुटला होता. हे काय प्रकरण आहे ते जरा सांगते, कारण निम्म्या लोकांना माहीतच नसतं. इमारतीत वीज तीन फेजवर येते. प्रत्येक घराला त्यातला एक फेज आणि परत जायला सगळ्यांचा मिळून एक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये साधारण २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. सामाईक न्यूट्रलचा सांधा निसटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं माळेतल्या दिव्यांसारखी एकमेकांत गुंतून जातात आणि हे ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. वाटणी कशी? ज्याच्या घरात जास्त उपकरणं चालू त्याच्या वाट्याला कमी, आणि जो एक दिवा नि एक पंखा लावून काटकसरीने बसला आहे त्याच्या वाट्याला जास्त! म्हणजे काटकसर करणाऱ्यालाच दंड. इतिहासात असे दाखले भरपूर आहेत, पण विजेनेही तसंच वागावं?

आमचा हिशोब असा झाला : फ्रिजचं काम ५,२०० रुपये, टीव्हीचा बोर्ड ४,८००, वाफेचं यंत्र नवीन २,१००, दिवे आणि इंटरनेटचा डबा मिळून २,५००. एकूण १४,६००. आणखी चार घरांत थोड्याफार फरकाने तेच.

मग सुरू झालं "हे कोणी द्यायचं?" जळका सांधा निघाला मीटरच्या खोलीतला, आमच्याच बाजूच्या सामाईक पट्टीवरचा. म्हणजे वीज कंपनीचा प्रश्नच नव्हता. तो सांधा पुरवठ्याच्या त्यांच्या बाजूला असता तर गोष्ट वेगळी. वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे, तिथे जाता आलं असतं.

मी सोसायटीचे उपविधी काढून वाचले. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वतःच्या खर्चाने कोणत्या दुरुस्त्या करायच्या त्याची यादी दिलेली असते. त्यात कुंपणाची भिंत आहे, पाण्याच्या टाक्या आहेत, जिन्यातले दिवे आहेत, आणि सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या लाइनी आहेत. यादीत जे नाही ते सभासदाने आपल्या खर्चाने करायचं. म्हणजे मेन स्विच ही लक्ष्मणरेषा! तिच्या अलीकडचं सगळ्यांचं, पलीकडचं ज्याचं त्याचं. सोसायटीने सांधा दोन दिवसांत नीट करून दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जळलेल्या फ्रिजबद्दल उपविधी काही बोलत नाहीत.

आणि सोसायटीकडे पैसा असतो कुठे? दुरुस्ती-देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी ०.७५ टक्के घ्यावा असं उपविधी सांगतात. वाचायला बरं वाटतं. पण बांधकाम खर्च म्हणजे इमारत बांधली तेव्हाचा! समजा तेव्हा एका घराला ९०,००० रुपये लागले असतील, तर वर्षाला होतात ६७५, महिन्याला ५६ रुपये. आज ५६ रुपयांत एक धड सॉकेट येत नाही. सर्वसाधारण सभा ही रक्कम वाढवू शकते, पण वाढवायला हात वर करायचे असतात, आणि त्या वेळी नेमका सगळ्यांचा खांदा दुखतो.

राहिला विमा. मुलाने आमच्या घराचा विमा काढलेला आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठेवणं बंधनकारक झालं, तीच. आग, वीज पडणं, पूर, भूकंप असं बरंच काही तिच्यात आहे. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, शाळेत पेपर तपासायचे तशी. वगळलेल्या गोष्टींत स्पष्ट लिहिलंय की जादा दाब, शॉर्ट सर्किट, गळती वगैरेंमुळे विजेच्या ज्या उपकरणाचं नुकसान झालं त्या उपकरणाची भरपाई नाही. त्याच्यातून आग पसरून शेजारचं कपाट जळालं तर कपाटाचे पैसे मिळतील, फ्रिजचे नाहीत. काही कंपन्यांकडे वेगळा हप्ता भरून घरगुती उपकरणांच्या बिघाडाचं कलम जोडता येतं. आमच्या पॉलिसीत ते नव्हतं. तरी विमा ठेवाच असं मी सांगेन. घर जळालं तर तोच उपयोगी पडणार. पण स्विच जळाला तर त्याचा उपयोग नाही, एवढं डोक्यात असू द्या.

न्यू जर्सीची भाची म्हणाली, "मावशी, आमच्याकडे होम वॉरंटी असते." विमा वेगळा आणि ही वेगळी. वर्षाची ठरावीक रक्कम भरायची. भट्टी, गीझर, वायरिंग काही बिघडलं की फोन करायचा, कंपनी माणूस पाठवते, दर खेपेला ठरावीक फी. तिकडे ही कल्पना १९७१ पासून आहे, अमेरिकन होम शील्ड या कंपनीने सुरू केलेली. मी विचारलं, मग तू खूश आहेस ना? तर हसायला लागली. म्हणाली, गेल्या वर्षी भरले त्याच्या निम्म्याचंसुद्धा काम निघालं नाही, पण रात्री झोप लागते. झोपेची किंमत कोणी कशी लावावी, मी काय बोलणार?

इंग्लंडमध्येही अशी कव्हर घरोघरी विकली गेली. तिथल्या होमसर्व्ह या मोठ्या कंपनीला तिथल्या वित्तीय नियामकाने २०१४ च्या फेब्रुवारीत तीन कोटी पौंडांहून जास्त दंड केला. कारण काय, तर लोकांना चुकीच्या पद्धतीने पॉलिसी विकल्या आणि तक्रारी नीट हाताळल्या नाहीत. त्या ग्राहकांत म्हातारी माणसं पुष्कळ होती असं वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. भीती ज्याला जास्त, त्याला विकणं सोपं. आपल्याकडेही आता वर्षाचा करार म्हणजे एएमसी घ्या म्हणून फोन येतात. घ्यायला हरकत नाही, पण दोन प्रश्न आधी विचारा : सुटे भाग त्यात धरलेत का, आणि भिंतीच्या आतली वायर धरली आहे का? दुसऱ्या प्रश्नाला पलीकडचा मुलगा बहुधा म्हणतो, "मॅडम, मी विचारून सांगतो."

आता खरी गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर एक वहिनी एकट्या राहतात. वय चौऱ्याहत्तर, मुलगी नाशिकला. न्यूट्रलच्या त्या भानगडीनंतर आम्ही काही जणांनी ठरवलं की सगळ्यांच्या घरची वायरिंग एकदा बघून घ्यायची. वहिनी काही दार उघडेनात. "माझं सगळं ठीक आहे हो." शेवटी मी वाटीभर खीर घेऊन गेले आणि हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघराकडे वळले. गीझरचं सॉकेट कोळशासारखं काळं, वरून चिकटपट्टी लावलेली! पाच महिने त्या गॅसवर पातेल्यात पाणी तापवून, उकळतं पातेलं फडक्याने धरून न्हाणीघरात नेत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई.

कारण विचारलं. एक इलेक्ट्रिशियन येऊन गेला होता आणि त्याने सांगितलं होतं, सगळ्या घराची वायरिंग बदलावी लागेल, ४२,००० होतील. वहिनींचं पेन्शन किती ते मला ठाऊक आहे. म्हटलं, मुलीला का नाही सांगितलंत? तर पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तिने लगेच पाठवले असते. पण मग म्हणाली असती, आई, आता एकटी राहू नकोस, ते घर भाड्याने दे आणि इकडे ये."

मी गप्प बसले. ४२,००० च्या आकड्यामागे हे होतं. दुरुस्ती महाग असेल ही भीती होतीच, पण ती दुरुस्ती कळली तर घरच सुटेल ही भीती त्याहून मोठी होती. आमच्या वयाच्या किती जणांच्या घरात अशा चिकटपट्ट्या असतील, आणि त्या फक्त सॉकेटवरच असतील असंही नाही.

वहिनींचं काम शेवटी किती रुपयांत झालं माहीत आहे? ८५०. सॉकेट नवीन, जळका तुकडा कापून वायर नीट जोडली, झालं. बिघाड असा होता की गीझर बसवणाऱ्याने तो सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर दिला होता. साधं गणित आहे, सातवीतल्या मुलालाही जमेल. गीझर २,००० वॅटचा, भागिले २३० व्होल्ट, उत्तर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. सहाच्या सॉकेटमधून पावणेनऊ रोज वीस मिनिटं. ३,००० वॅटचा असला तर तेरा. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला शोभेल अशी जाड वायर लागते, दिव्याची बारीक वायर चालत नाही.

त्यानंतर आमची भिशी सुरू झाली. कोणाला पैसे उचलायला मिळत नाहीत, त्यामुळे ही खरी भिशी नव्हेच, पण नाव तेच पडलं. सोळा घरांपैकी अकरा आली. महिन्याला २०० रुपये, म्हणजे वर्षाचे २६,४००. बँकेत दोघींच्या नावावर खातं आणि हिशोबाची वही माझ्याकडे (मास्तरीणबाईंचं अक्षर चांगलं म्हणे!). मेन स्विचपासून पुढे भिंतीतलं आणि बोर्डावरचं जे काही बिघडेल ते भिशीतून, एका वेळी ४,००० पर्यंत. त्यावर गेलं तर निम्मं भिशीचं, निम्मं त्या घराचं, आणि ते निम्मंही जमत नसेल तर बिनव्याजी, दहा हप्त्यांत. फ्रिज, टीव्ही भिशीत नाहीत. त्यावर वाद खूप झाला, पण एकाचा फ्रिज तीनशे लिटरचा, दुसऱ्याचा लहानसा, बरोबरी करायची कशी?

पहिला खर्च मात्र दुरुस्तीवर करायचा नाही, तपासणीवर करायचा, हे मी हट्टाने मान्य करून घेतलं. आयटीआयचा तारतंत्री कोर्स केलेला, सरकारी परवाना असलेला माणूस शोधला, घरामागे ५०० रुपये. परवाना बघायला मागितला तर त्याला राग आला नाही, उलट खूश झाला. म्हणाला, "आजी, पहिल्यांदा कुणी विचारलं." चार घरांत अजून चिनीमातीचे फ्यूज होते आणि त्यांत बारीक तारेऐवजी जाड तार घातलेली. वारंवार उडतो म्हणून कोणीतरी 'कायमचा बंदोबस्त' केला होता! फ्यूजचं काम उडणं हेच आहे. तो उडाला नाही तर वायर जळते. एका घरात अर्थिंगची हिरवी वायर बोर्डात नुसती दुमडून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. सात घरांत आरसीसीबी नव्हता.

हा आरसीसीबी म्हणजे काय ते ह्यांनाही तेव्हाच कळलं. एमसीबी वायरीला वाचवतो : भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. घरातला साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी वीज भलत्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा तुमच्या अंगातून जमिनीकडे जायला लागली की क्षणात बंद करतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं असतं. दाबल्यावर तो पडला तर शाबूत आहे. आमच्यापैकी कोणीही ते आयुष्यात दाबलं नव्हतं. आता मी संकष्टीला दाबते, म्हणजे लक्षात राहतं. जादा दाबापासून मात्र हे दोघेही वाचवत नाहीत, त्यासाठी वेगळं उपकरण मिळतं. दाब वर गेला की पुरवठा तोडतं. ते ज्याने त्याने आपल्या पैशाने बसवलं.

आणि पक्कं बिल घ्यायचं, हा नियम. जीएसटी वाचतो म्हणून चिठ्ठीवर हिशोब घेणारे आपण! काम बिघडलं तर ग्राहक आयोगाकडे जायला हातात काहीतरी कागद लागतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही, आणि १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन सल्ला देते.

दोन वर्षं झाली तेव्हा वहीत बेरीज केली. जमा ५२,८००. दोन वर्षांच्या दोन तपासण्या ११,०००. दुरुस्त्या नऊ, मिळून १९,३००. शिल्लक २२,५००. सगळ्यात मोठी दुरुस्ती ५,४०० ची होती, बाकी बहुतेक हजार-दोन हजारांतल्या. ४२,००० चा आकडा कोणाच्याच घरात निघाला नाही. वायरिंग खरोखर म्हातारी झाली की तोही निघेल एक दिवस, आणि तेव्हा आमची भिशी पुरणार नाही हे मला दिसतंय. त्याला सोसायटीनेच आतापासून पैसे साठवायला हवेत. मागच्या सभेत मी ते मांडलं. खांदे दुखले.

सध्या वाद चालू आहे तो तळमजल्यावरच्या भाडेकरू मुलांचा. तिघं नोकरीवाली पोरं, मालक पनवेलला. मुलं म्हणतात आम्ही भरतो, पण अकरा महिन्यांनी निघून जाऊ. मालक म्हणतो भाडेकरूंनीच भरावं. अध्यक्ष म्हणतात घर मालकाचं, वायर मालकाची, मालकाशिवाय घ्यायचं नाही. रविवारी अर्धा तास हेच चाललं होतं. वहिनींनी कमरेची पिशवी काढली, २०० रुपये माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "या महिन्याचे पोरांचे लिहा. पुढच्या महिन्यापर्यंत तुम्ही भांडून घ्या." मी लिहिले. मालकाला पुन्हा फोन करायचं काम ह्यांच्याकडे दिलं आहे.